खिडकीतले रोप इतके उंच का होते?

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही एका शाळेत गेलो होतो. सातवीच्या वर्गात, आतल्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर चाळीस कागदी पेले ओळीने मांडलेले होते. प्रत्येक पेल्यावर एकेका विद्यार्थ्याचे नाव होते. मुलांनी त्यांत टोमॅटोचे बी पेरले होते. बाहेर पावसाची झोड चालू होती, म्हणून रोपे वर्गातच वाढवायची आणि पाऊस ओसरला की आवारातल्या वाफ्यात लावायची, असा बाईंचा बेत होता. बी चांगले उगवले. रोपे भराभर उंच होऊ लागली, तेव्हा मुलांनी पट्टीने मोजून नंबरही काढले. पण त्यानंतर एकेक रोप आडवे होऊ लागले. आम्ही गेलो त्या दिवशी निम्म्याहून अधिक पेल्यांत नुसती माती उरली होती.

जिचे रोप सर्वांत उंच होते, तिचेच सर्वांत आधी कोलमडले होते. ती मुलगी म्हणाली, "माझ्या हातचं काही जगतच नाही. आजी पण म्हणते, हाताला गुण लागतो."

हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले आहे. बाराव्या वर्षी ते मनाला लागले, तर मूल पुन्हा बी पेरायला धजत नाही. दोष हाताचाच ठरला की कारण शोधण्याची गरजही संपते. म्हणून त्या पेल्यांत नेमके काय घडले, ते आपण क्रमाने पाहू.

बियाचे काम आणि रोपाचे काम

घरात रोपे तयार करताना आपण दोन वेगळी कामे एकच समजतो. बी उगवणे हे एक काम आणि उगवलेले रोप वाढवणे हे दुसरे. या दोन्हींच्या गरजा वेगळ्या आहेत.

कोरड्या बियात पाणी फारच थोडे असते, साधारणपणे वजनाच्या एक दशांश किंवा त्याहूनही कमी. बी ओल्या मातीत पडले की ते पाणी शोषून फुगते. ही क्रिया निव्वळ भौतिक आहे. कढईत भाजून मारलेले हरभरेही पाण्यात टाकले की फुगतात. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. जिवंत बियात पाणी पोचताच विकरे कामाला लागतात. गहू, बार्ली अशा धान्यांत गर्भातून जिबरेलिन नावाचे संप्रेरक बाहेर पडते, त्यामुळे दाण्याच्या बाहेरच्या थरात विकरे तयार होतात आणि साठवलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते. या साखरेवर अंकुर वाढतो. म्हणजे बी आपली शिदोरी बरोबर घेऊनच निघालेले असते.

या टप्प्यावर बियाला पाणी, हवा आणि ऊब लागते. टोमॅटोचे बी २५ ते ३० अंश सेल्सियस तापमानात पाच ते आठ दिवसांत उगवते. मिरचीला याच उबेत आठ ते चौदा दिवस लागू शकतात, आणि त्यामुळे पुष्कळ जण मिरचीचे बी फुकट गेले असे समजून पेला रिकामा करतात. युरोप-अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत लोक घरात बी पेरतात ते ही ऊब मिळावी आणि हिमतुषारापासून रोप वाचावे म्हणून. आपल्याकडे ऊब बहुधा असतेच. आपण रोपे घरात आणतो ती मुसळधार पाऊस, मे महिन्याचे ऊन, मुंग्या आणि चिमण्या यांच्यापासून वाचवण्यासाठी, किंवा घराला अंगणच नसते म्हणून.

उजेडाची मात्र बहुतेक भाज्यांच्या बियांना उगवताना गरज नसते. मटकीला फडक्यात बांधून मोड आणणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. काही बारीक बिया याला अपवाद आहेत. सॅलडमध्ये वापरल्या जाणाऱ्या लेट्यूसच्या काही जातींचे बी अंधारात नीट उगवत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बेल्ट्सव्हिल येथे बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बियांवर लाल आणि अतिलाल प्रकाशाचे झोत आळीपाळीने सोडले. लाल झोताने बी उगवे, अतिलाल झोताने उगवण थांबे. झोत कितीही वेळा बदलले तरी शेवटचा झोत कोणता यावरच निकाल ठरे. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून वनस्पतीत प्रकाश ओळखणारे एक रंगद्रव्य असले पाहिजे असा निष्कर्ष निघाला. १९५९ साली ते प्रत्यक्ष सापडले. त्याचे नाव फायटोक्रोम. पेल्यातल्या रोपांची गोष्ट या फायटोक्रोमशिवाय पुरी होत नाही.

घटातले पिवळे अंकुर

अंधारात रोप कसे वाढते याचा एक प्रयोग महाराष्ट्रात घरोघरी दर वर्षी होतो. नवरात्रात घट बसवताना पत्रावळीवर शेतातली माती पसरून त्यात धान्य पेरतात. देवघराच्या काळोख्या कोपऱ्यात नऊ दिवसांत दाट, लांब आणि फिकट पिवळे अंकुर येतात. तेच धान्य शेतात पेरले, तर नऊ दिवसांत रोप बरेच आखूड असते, पण हिरवे असते.

देवघरातल्या रोपाला जास्त पोषण मिळालेले नसते. मग ते लांब का होते? मातीखाली पुरलेल्या बियाचा विचार करा. वर उजेड आहे, पण तो किती अंतरावर आहे हे बियाला ठाऊक नाही. शिदोरी मोजकी आहे. ती पाने रुंद करण्यात किंवा हरितद्रव्य बनवण्यात खर्च झाली आणि उजेड लागलाच नाही, तर सगळेच संपले. म्हणून अंधारात रोप आपली सगळी शिदोरी एकाच कामावर लावते, ते म्हणजे देठ लांबवणे. पाने मिटलेली राहतात. वाल किंवा घेवड्याच्या रोपाचा शेंडा आकड्यासारखा वाकलेला असतो, म्हणजे माती फोडताना कोवळे टोक घासत नाही. उजेड लागताच फायटोक्रोम आणि निळा प्रकाश ओळखणारी इतर रंगद्रव्ये निरोप देतात. आकडा सरळ होतो, पाने उघडतात, हिरवा रंग चढतो आणि देठाची लांबी आवरली जाते.

वर्गातल्या त्या बाकावर काळोख नव्हता, पण उजेडही पुरेसा नव्हता. रोपे हिरवी झाली, तरी देठाची धाव थांबली नाही. जो उपाय दोन बोटे माती फोडण्यापुरता उपयोगी पडतो, तो ती रोपे दिवसच्या दिवस करत राहिली. सर्वांत उंच रोप हे उजेडासाठी सर्वांत आसुसलेले रोप होते, आणि आपण त्याला पहिला नंबर दिला होता.

वजन करून पहा

उंची वाढली म्हणजे वाढ झाली, ही आपली समजूत इतकी पक्की आहे की ती तराजूशिवाय सुटत नाही. त्याकरिता एक सोपा प्रयोग सांगतो.

शंभर-शंभर मुगांचे दोन वाटे करा. दोन्ही वाट्यांचे वजन जवळपास सारखे आहे ना, ते पहा. एक वाटा तसाच ठेवा. दुसरा भिजवून, ओल्या कापडावर पसरून, कपाटात पूर्ण अंधारात सात दिवस वाढवा. कापड फक्त ओलसर ठेवा. आठव्या दिवशी ही रोपे मुळांसकट उचला. गळलेली सालेही गोळा करा. आता दोन्ही वाटे कडक उन्हात दोन-तीन दिवस किंवा मंद आचेच्या ओव्हनमध्ये पूर्ण सुकवा आणि दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर तोला.

बोटभर लांब झालेल्या रोपांचे कोरडे वजन ज्या मुगांपासून ती निघाली त्यांच्यापेक्षा कमी भरते! मुले प्रथम तराजूवर संशय घेतात. पण हिशेब सरळ आहे. रोप रात्रंदिवस श्वसन करते, त्यात शिदोरीतली साखर जळते आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जाते. ही तूट भरून काढणारे प्रकाशसंश्लेषण अंधारात होत नाही. ओले रोप जड लागते ते त्यातल्या पाण्यामुळे. मंद उजेडातल्या रोपाची स्थिती याच्या मधली असते. कमाई होते, पण खर्चाला जेमतेम पुरते. जाड देठ आणि भक्कम मुळे बांधायला काही उरत नाही.

खिडकी आणि आपले डोळे

"पण आमच्या वर्गात चांगला उजेड आहे," असे बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. आपली बाहुली लहान-मोठी होते, डोळा जुळवून घेतो, आणि उजेड दहापट कमी झाला तरी आपल्याला थोडेसे अंधारल्यासारखे वाटते, इतकेच. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाशाचे मोजमाप सुमारे एक लाख लक्स असते. वाचायला तीनशे ते पाचशे लक्स पुरतात. ज्या जागी पुस्तक आरामात वाचता येते, तेथे टोमॅटोचे रोप उपाशी असू शकते.

मोबाइल फोनमध्ये लक्स मोजणारे ॲप घालून हे पाहता येते. त्याचे आकडे अगदी काटेकोर नसतात, पण तुलनेला चालतात. खिडकीच्या कठड्यावर, एक मीटर आत आणि समोरच्या भिंतीपाशी अशी तीन मापे घ्या. आकडे किती झपाट्याने घसरतात ते पाहून मोठी माणसेही चकित होतात. कारण सोपे आहे. मागे सरकावे तसा खिडकीतून दिसणारा आकाशाचा तुकडा लहान होत जातो, आणि सूर्य थेट दिसत नसेल तेव्हा त्या तुकड्याचाच काय तो आधार असतो.

खिडकीची दिशाही पाहावी लागते, आणि येथे थंड देशांतली बागकामाची पुस्तके आपल्याला फसवतात. दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली, असे ती सांगतात. पुण्याला २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते. परंतु मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य तेथे डोक्यावर किंवा किंचित उत्तरेकडे असतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा दुपारचे ऊन शिरतच नाही. त्या दिवसांत पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी बरी. त्यात पावसाळी ढगांची भर पडते. म्हणजे आपण ज्या दिवसांत रोपे घरात आणतो, नेमके त्याच दिवसांत घर त्यांच्यासाठी सर्वांत अंधारे असते.

यावर उपाय आहेत. बी उगवेपर्यंत पेला कोठेही ठेवा. पण पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी तो कठड्यावर, गॅलरीत किंवा व्हरांड्याच्या कडेला, पावसाचा मारा न लागेल अशा जागी न्या. दोन दिवसांचा उशीरही देठाच्या लांबीत दिसतो, आणि लांबलेला देठ पुन्हा आखूड होत नाही. तशी जागाच नसेल, तर साधी एलईडी नळी रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगून रोज चौदा ते सोळा तास लावावी. छताजवळची नळी या कामी निरुपयोगी आहे. चोवीस तास उजेड मात्र देऊ नये; टोमॅटोला तो सोसत नाही, पाने पिवळी पडतात.

रोपे एका बाजूला वाकत असतील, तर पेला रोज फिरवावा. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले होते की, गवताच्या कोवळ्या अंकुराचे टोक झाकले तर तो उजेडाकडे वाकत नाही. उजेड टोकाला कळतो आणि वाकण्याची क्रिया त्याच्या खाली घडते. हा निरोप नेणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकाचा शोध पुढे याच वाटेने लागला.

गर्दीचाही असाच परिणाम होतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अतिलाल प्रकाश बराचसा पुढे जाऊ देते. शेजाऱ्याच्या पानांतून आलेला असा प्रकाश फायटोक्रोमला कळतो, आणि रोप शेजाऱ्याच्या वर डोके काढण्यासाठी उंच होऊ लागते. म्हणून विरळणी लांबवू नये. दोन रोपांतले एक काढून टाकताना मुलांचा जीव कासावीस होतो. तेव्हा त्यांना हे कारण सांगावे.

मग ती कोलमडली का?

किडकिडीत देठ हे अर्धेच कारण झाले. आम्ही एक आडवे रोप उचलून भिंगाखाली धरले. मातीच्या पातळीवर देठ पाणचट, तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झाला होता. वरची पाने अजून हिरवी होती. शेतकरी याला रोपे कोलमडणे किंवा मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया असे मातीतले सूक्ष्मजीव यास कारणीभूत असतात. पिथियमला पूर्वी बुरशी मानत; आता त्याचे नाते शैवालांच्या एका गटाशी अधिक जवळचे मानतात. त्याच्या पोहणाऱ्या बीजुकांना मातीच्या कणांमधले पाणीच वाट करून देते. रोज सकाळ-संध्याकाळ झारीने भिजवलेली माती, तळाला भोक नसलेले पेले, बंद दमट वर्ग आणि उजेडाअभावी पातळ राहिलेल्या भिंतींचे देठ. पिथियमला आणखी काय हवे?

पेल्याच्या तळाला भोक हवेच. कोकोपीट किंवा माती, वाळू आणि चांगले मुरलेले गांडूळखत यांचे भुसभुशीत मिश्रण वापरावे. बागेतली माती वापरायची तर मे महिन्यात ती ओलसर करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली पसरून तीन-चार आठवडे उन्हात तापवावी. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींपेक्षा खोल पुरू नये. पाणी वरून देण्याऐवजी पेला पाण्याच्या ताटलीत थोडा वेळ ठेवावा, आणि मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. किडकिडीत झालेले, पण न सडलेले टोमॅटोचे रोप वाचवता येते. पुनर्लागवड करताना ते दलपत्रांपर्यंत खोल लावावे. पुरलेल्या देठाला नवी मुळे फुटतात. वांगे-मिरचीच्या बाबतीत यावर फारसे विसंबू नये.

रोप मोठे झाले की ते एकदम उन्हात नेऊ नये. घरातल्या पानाचे वरचे मेणचट आवरण पातळ असते. आमच्याच घरी पहिल्या वर्षी मिरचीची तीस रोपे एका दुपारी गच्चीवर नेऊन ठेवली आणि संध्याकाळी त्यांची पाने कागदासारखी पांढरी झालेली पाहिली. आठ-दहा दिवस रोज थोडे थोडे ऊन वाढवावे. वाराही लागू द्यावा. हलणारे, घासले जाणारे रोप आखूड आणि जाड होते. या परिणामाचा अभ्यास करून अमेरिकन संशोधक जॅफी यांनी १९७३ साली त्याला स्वतंत्र नाव दिले. वर्गात एका ओळीतल्या रोपांच्या शेंड्यांवरून पोस्टकार्ड रोज सकाळी वीस वेळा हलकेच फिरवावे, शेजारची ओळ तशीच सोडावी आणि दोन आठवड्यांनी दोन्हींची तुलना करावी.

हाताचा गुण तपासू

आता त्या मुलीच्या म्हणण्याकडे वळू. हाताला गुण असतो की नाही, यावर वाद न घालता प्रयोग करता येतो. आम्ही बाईंना तो सुचवला. जिच्या हातचे 'जगत नाही' ती मुलगी आणि ज्याच्या हातचे 'हमखास येते' असा एक मुलगा, अशी दोघे निवडायची. मोहरीचे बी, पेले, माती आणि पाण्याचे माप सारखेच. प्रत्येकाने वीस-वीस बिया दोन पेल्यांत पेरायच्या. उगवताच एक पेला व्हरांड्याच्या कडेला, दुसरा आतल्या भिंतीशी. पेल्यांवर नावाऐवजी फक्त क्रमांक. मोजणारी मुले वेगळी, म्हणजे कोणाचा पेला कोणता हे त्यांना कळत नाही. दहाव्या दिवशी देठाची लांबी मोजायची, किती रोपे उभी आहेत ते मोजायचे आणि मगच क्रमांकांची यादी उघडायची.

हाताचा गुण खरा असेल, तर मुलीचे दोन्ही पेले सारखे दिसतील आणि मुलाचे त्यांहून वेगळे. जागेचा गुण खरा असेल, तर व्हरांड्यातले दोन्ही पेले सारखे दिसतील आणि भिंतीजवळचे दोन्ही सारखे. आपल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकेल, अशी मांडणी आधीच करणे, हे विज्ञानाचे मुख्य अंग आहे, आणि मुलांना ते येथे अगदी स्वाभाविकपणे समजते.

ऑगस्टअखेर आम्ही पुन्हा त्या वर्गात गेलो. यादी उघडून झाली होती. व्हरांड्यातल्या दोन्ही पेल्यांत ठेंगणी, गडद हिरवी रोपे ताठ उभी होती. भिंतीजवळच्या दोन्ही पेल्यांत लांब, वाकलेली. कोणता पेला कोणाचा हे पाहून सांगता येण्यासारखे नव्हते. बाईंनी टोमॅटोचे बी पुन्हा पेरून घेतले होते आणि सगळे पेले आता व्हरांड्यात होते. नंबर काढण्याची पद्धतही मुलांनी बदलली होती. आता पहिला नंबर सर्वांत जाड देठाच्या रोपाला मिळणार होता. जाडी कशी मोजायची यावर वर्गात वाद चालू होता, आणि देठाभोवती दोऱ्याचे दहा वेढे देऊन तो दोरा पट्टीवर मोजावा, ही सूचना त्या मुलीची होती.